सरळ मानेचे फोटो

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. तीन आठवडे मी घरात कोंडलेली होते. खाली पाहिलं की एका पायरीच्या दोन दिसायच्या, एकीवर एक, आणि पाय कुठल्या पायरीवर टाकायचा तेच कळायचं नाही. अंबडच्या कंपनीत पार्ट तपासणारी मी, केसाएवढी रेघ पकडणारी, आता गॅलरीतून भाजीवाल्याला ओरडत होते. स्वतःचाच राग यायचा.

एकदाच उतरले, ह्यांचा हात धरून, डॉक्टरांकडे. त्या बाईंनी कागदावर डोळा काढून दाखवला. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या, त्यातल्या डोळा हलवणाऱ्या तीन: तिसरी, चौथी, सहावी. त्यातली चौथ्या नंबरची सगळ्यांत बारीक. मेंदूच्या मागून निघते, वळसा घालून पुढे येते आणि एकच स्नायू ओढते, डोळा खाली वळवणारा.

"ही तुमची नस कमजोर आहे. जन्मापासून असेल तर काळजी नाही. अशी माणसं मान एका बाजूला कलती ठेवून भागवतात, चाळिशीनंतर ते जमेनासं होतं. पण आत्ता झालं असेल, तर आत गाठ नाही ना, ते बघायला हवं. लहानपणचे फोटो आणा. मान कलती दिसली की झालं."

आई नांदगावहून फोटोंचा डबा घेऊन आली. मी सगळे गादीवर पसरले. शाळेतले, जत्रेतले, स्थळांना पाठवलेला स्टुडिओतला. एकूणएक फोटोत मान ताठ. म्हणजे गाठच.

हे आंघोळीला गेल्यावर आई हळूच म्हणाली, "तू पाळण्यात होती तवापासून मान डावीकडंच. फोटोवाल्याला सांगून सरळ करून घ्यायचे मी. वाकडे आले ते फाडून टाकले. तुझं लगीन व्हायचं व्हतं ना."

मी हसले आणि रडलेसुद्धा. इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो. बाईंनी फोटो पाहून आईला विचारलं, "लहानपणी हिची मान एका बाजूला असायची का?"

आईने जावयाकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर नीट केला.

"नाय ओ. आमची पोर पहिल्यापासून सरळ हाय."

बाईंनी स्कॅनसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. मी आईकडे बघत राहिले, ती जमिनीकडे. वीस वर्षांचा संसार झाला होता माझा, आणि ही अजून मला पाहुण्यांना दाखवतच होती.

"आई खोटं बोलतेय," मी म्हणाले. "जन्मापासून वाकडी आहे मी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आई त्याच दुपारच्या गाडीने नांदगावला गेली, जेवायलासुद्धा थांबली नाही.