खोक्यांच्या टेबलावरचा पहिला नंबर

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. लहानमोठ्या सगळ्यांची ती सरळमावशी. पंचवीस खोक्यांचा गठ्ठा झाला की ती तो टेबलावर चारही बाजूंनी ठोकायची. मग कुणी पट्टी लावून बघितली असती तरी एक कड बाहेर डोकावताना सापडली नसती.

"अगं सरळे, पत्रिका छापतेस की खोकी चिकटवतेस?" शेजारची बडबडी विचारायची. ही तिच्याच वयाची, एकवीस वर्षं तिच्या कोपराला कोपर लावून बसलेली. म्हणून तिला 'सरळे' म्हणायचा हक्क. "लोक घरी नेऊन फाडणार आणि फेकणार."

"फेकेपर्यंत तरी नीट दिसू दे."

लग्नाच्या चौथ्या वर्षी नवरा शिडीवरून पडला. घरं रंगवायचं त्याचं काम. पायाला प्लास्टर घालून तो बसला, तेव्हा ती दोन महिन्यांपुरती म्हणून या टेबलावर आली, आणि एकतीस वर्षं राहिली. त्याचा पाय बरा झाला, पण रंगाऱ्याचं काम आज आहे, उद्या नाही. मुलगी उशिरा झाली. ती आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. घराचा खांब म्हणाल तर सरळमावशीचा पगार. भिंती रंगवण्यापुरता नवऱ्याचा, असं तो स्वतःच सांगून हसायचा.

टेबलाभोवती बारा बायका बसत. मशिनीवरून कापून आलेला पुठ्ठा घडीवर मोडायचा, कडेला खळ लावायची, अंगठ्याने वरपासून खालपर्यंत दाबत आणायचं. गठ्ठा झाला की सुतळी बांधायची आणि वर एक चिठ्ठी खोचायची. चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आपला नंबर. सरळमावशीचा सात. पगार दिवसावर ठरलेला होता. चिठ्ठी एवढ्याचसाठी, की खोकं सुटून तक्रार आली तर ते कुणाच्या हातचं हे कळावं. सात नंबरची तक्रार कुणाच्या आठवणीत नव्हती. नवी मुलगी कामाला आली की तिला आधी आठवडाभर मावशीच्या उजव्या हाताला बसवत. टेबलावरच्या निम्म्या बायका अशा तिच्या हाताखालून गेलेल्या.

मंदी येते आहे हे वर्तमानपत्राला कळायच्या आधी खोक्यांना कळतं. आधी बुटांची खोकी कमी झाली. मग मिक्सरची आणि इस्त्रीची थांबलीच. खेळण्यांच्या रंगीत खोक्यांचा पुठ्ठा गोदामात तसाच पडून राहिला. चालू राहिली ती औषधांची आणि साबणाची.

"लोकांनी बूट घ्यायचं थांबवलंय," एका संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली. "आता तुम्हाला कुणी रंग काढायला बोलावणार नाही."

"तुला सरकारात घ्यायला पाहिजे," तो म्हणाला. "मोठेमोठे पंडित आकडे मोडत बसतात, आणि आमच्या घरी खोकं बोलतं."

पण पुढच्याच महिन्यात त्याची ठरलेली दोन्ही घरं रद्द झाली. एकाने सांगितलं, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्याने फोनच उचलला नाही.

मग एका मंगळवारी, चहाच्या सुट्टीनंतर, साहेब टेबलाशी आले. माणूस वाईट नव्हता. वाईट बातमी सांगताना टेबलाकडे बघायचा, एवढंच. काम आठ जणींपुरतंच उरलंय, ते म्हणाले. महिनाभर चिठ्ठ्या मोजल्या जातील. ज्या चौघींचे गठ्ठे सगळ्यांत कमी, त्यांना थांबावं लागेल. "माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न नको म्हणून आकड्यावर सोडलंय," असंही म्हणाले.

सरळमावशीने हातातलं खोकं पुरं केलं. तिच्या मनात हिशेब आधीच झाला होता. उजव्या अंगठ्याचं पेर दोन वर्षांपासून सुजत होतं. ती हल्ली अंगठ्याऐवजी तळहाताच्या कडेने दाबायची. काम तितकंच सुबक व्हायचं, पण वेळ लागायचा. बाकीच्या बहुतेक जणी दिवसाला साठाच्या आसपास गठ्ठे काढत. तिचे चाळीस, फार तर बेचाळीस. ही गोष्ट कुणाला ठाऊक नाही अशी तिची समजूत होती.

"साहेबांना अंगठा दाखव," नवरा म्हणाला.

"म्हणजे महिना थांबायचीही गरज नाही. आजच घरी पाठवतील."

त्या महिन्यात तिने एक गोष्ट केली, ती ऐकून नवऱ्याने कपाळावर हात मारला. टेबलावर सगळ्यांत नवीन होती धाकटी. पदरात दोन वर्षांची पोर, नवरा दुसऱ्या गावी काम शोधत फिरणारा. हात मंद, आणि घाबरल्यामुळे आणखी मंद. सरळमावशीने तिला पुन्हा आपल्या शेजारी ओढून घेतलं आणि एकाच वेळी दोन घड्या मोडायची मनगटाची युक्ती शिकवली. ती तिने एकतीस वर्षांत स्वतः शोधून काढली होती. आठ दिवसांत धाकटी चाळीसवरून पन्नासावर गेली.

"अगं, तळाला तुम्ही दोघीच होतात!" नवरा म्हणाला. "तिला वर ढकललंस म्हणजे खाली कोण राहिलं? स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा याची शिकवणी घे आता!"

"तिला येत नव्हतं म्हणून शिकवलं. मला येतं, पण होत नाही. दोन्ही सारखं कसं?"

 तो भांडी घासायला उठला.

महिना संपला. साहेब कागद घेऊन आले. सरळमावशीने सकाळीच कप्प्यातला एप्रन, कात्री आणि जुना डबा पिशवीत भरून ठेवला होता.

"पहिला नंबर," साहेब म्हणाले, आणि प्रथमच त्यांनी टेबलावरून मान वर केली. "सात. मावशी, रोजचे सरासरी त्र्याऐंशी गठ्ठे! या वयात! मालकांना सांगितलं, त्यांचाही विश्वास बसेना. आजपासून टेबलाच्या मुख्य तुम्ही."

कुणी टाळी वाजवली नाही. एक जण खोकली. बडबडी, जी झोपेतही बोलते असं म्हणत, ती खळीच्या डब्यात काहीतरी शोधू लागली.

मग साहेबांनी खालचे चार नंबर वाचले. त्यात धाकटी होती. आणि यादीतलं शेवटचं नाव बडबडीचं. एरवी टेबलावर तिच्यासारखा झपाटा कुणाचा नव्हता. "हे शनिवारपर्यंत," एवढं बोलून साहेब निघून गेले.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायच्या आधी सरळमावशी म्हणाली, "माझे चाळीस होतात. वरचे त्रेचाळीस कुठून आले?"



"मी रोज दोनच लिहिले," धाकटी पुटपुटली. "सात नंबर घालून. तुम्ही शिकवलंत म्हणून."

"दोन?" पलीकडची एकदम म्हणाली. "मी चार! मला वाटलं, मी एकटीच."

"मीपण चार."

"मी तीन. शुक्रवारी पाच."

एकीलाही दुसरीचा पत्ता नव्हता. मावशीचा अंगठा दोन वर्षांपासून सगळ्यांना दिसत होता. फक्त तिला कळू द्यायचं नाही असं ज्या त्या बाईने मनाशी ठरवलं होतं. अकरा जणींनी चोरून एकच उपकार केला होता, आणि त्याची बेरीज डोईजड झाली होती.

"आणि तू?" सरळमावशीने बडबडीला विचारलं.

"दहा," बडबडी म्हणाली. "काय बघतेस? माझा हात चालतो. मला वाटलं, दहा दिले तरी मी मधे कुठेतरी राहीन. या बाकीच्या भवान्या शहाण्यासारख्या तीनचार देतायत, हे मला काय स्वप्न पडणार होतं?"

पहिल्यांदा कोण हसलं ते सांगता येणार नाही. पण हसता हसता धाकटीला रडू फुटलं.

सरळमावशीपुढे आता दोन वाटा होत्या. गप्प बसली तर नोकरी राहत होती, वर मानही मिळत होता. मुलीचं वर्ष निर्धास्त पार पडलं असतं. फक्त शनिवारी बडबडी आणि धाकटी गेटाबाहेर पडल्या असत्या. बोलली तर अकरा जणींनी खोट्या चिठ्ठ्या लिहिल्या हे बाहेर येणार होतं.

तिने न उघडलेला डबा बाजूला ठेवला. "कागद द्या कुणीतरी," ती म्हणाली. कागदावर दोन वाक्यं लिहून तो टेबलाभोवती फिरवला. बाराही सह्या झाल्यावर ती वर साहेबांच्या खोलीत गेली.

तिने आधी अंगठा टेबलावर ठेवला. तो बांधलेल्या गाठीसारखा दिसत होता. मग सगळं सांगितलं. नावं सांगितली नाहीत, पण साहेबांना ती लागणार नव्हती.

ते लाल झाले. "मावशी, ही फसवणूक आहे! सगळ्यांनाच काढता येईल मला!"

"येईल. पण एक बघा. एकूण गठ्ठे बरोबर आहेत की नाही? एक कमी नाही, एक जास्त नाही. काम झालंय. फक्त नाव चुकलंय."

"आणि मालकांना काय सांगू? कालच तुमचं कौतुक केलंय मी!"

"सांगा, मावशीला चाळीसच जमतात. मला लाज नाही त्याची." तिने कागद पुढे सरकवला. "तुम्हाला रोज आठ जणी पाहिजेत ना? रोज आठच येतील. आठवड्याचे सहा दिवस, आठ जणी, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवसांचं काम. आम्ही बारा. प्रत्येकीला चार दिवस. दोन दिवस बिनपगारी घरी. बाराही जणींची मान्यता खाली आहे."

साहेबांनी कागदाच्या मागे पेन्सिलीने स्वतः गुणाकार करून बघितला. दोनदा.

"तुम्ही टेबलाच्या मुख्य झाला असतात," ते म्हणाले. "सहाही दिवसांचा पगार घेऊन. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. पण उद्या नवीन पोरीला काय शिकवू? गठ्ठा सरळ कर, आणि नंबर वाकडा लिही?"

उत्तर यायला तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत नवऱ्याने तिला एकदाही बोल लावला नाही. तो एका दुकानाच्या पाट्या रंगवायचं किरकोळ काम शोधून आला, आणि मुलीने वसतिगृहाची खोली सोडून रोज दीड तास बसने ये-जा करायचं ठरवलं. शुक्रवारी मालकांचा निरोप आला. तीन महिन्यांपुरतं मान्य. खोट्या चिठ्ठ्यांबद्दल वर्षाचा बोनस बाराही जणींना बंद. टेबलाला मुख्य कुणी नाही.

"बोनस गेला!" बडबडी ओरडली. "दहा गठ्ठे रोज फुकट दिले, वर दंड! सरळे, तुझी मैत्री मला भारी पडली."

"मग देत जाऊ नकोस."

"बघते विचार करून."

तीन महिन्यांची मुदत पुढे आणखी दोनदा वाढली. दिवस सोपे नव्हते. दोघी जणी जास्त पगाराचं काम मिळालं म्हणून आपण होऊन गेल्या, तेव्हा उरलेल्यांच्या वाट्याला थोडे जास्त दिवस आले. पण साहेबांच्या कागदावर नंबर आला म्हणून कुणी गेलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. नव्या पाळीचा पहिला आठवडा संपला, त्या शनिवारी साहेबांनी आलेल्या आठही जणींचे त्या दिवसाचे आकडे वाचून दाखवले. या वेळी चिठ्ठ्या पेनाने लिहायच्या असा हुकूम होता. साठ, अठ्ठावन्न, एकसष्ट, धाकटीचे चोपन्न. सात नंबर अगदी शेवटी आला.

"एकोणचाळीस," साहेबांनी वाचलं आणि बिचकून तिच्याकडे पाहिलं.

"चाळीस," सरळमावशी म्हणाली. "एक अजून माझ्यापुढे आहे, बांधायचा राहिलाय." आणि तिने तो टेबलावर ठोकायला घेतला.