दुबईचं घड्याळ आणि सरकारी दगड

दादाच्या मनगटावरच्या त्या घड्याळाचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. एवढं जाडजूड, काळंकुट्ट, आणि वर घरातल्या थोरल्या माणसासारखा त्याचा मान.

तलवाड्यात आमचं कापडाचं दुकान होतं. दादाला दुकानाच्या गादीवर बसायचं नव्हतं, त्याला पोलीस व्हायचं होतं. मागच्या भरतीत तो पळण्यात थोडक्यात राहिला होता आणि वयाच्या अटीमुळे पुढची भरती त्याची शेवटची होती. म्हणून अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला पळायचं घड्याळ घेऊन द्यायचं ठरवलं.

गेवराईला घडीसाज चाचांकडे दोन घड्याळं होती. एक साधं, बटण दाबलं की सेकंद मोजणारं. दुसरं चाचांच्या भाच्याने दुबईहून आणलेलं. ते पावलं मोजायचं आणि त्यावरून अंतर आणि वेग सांगायचं. दादाने साधं उचललं होतं. आमच्या उमापूरच्या मामांनी ते त्याच्या हातातून काढून परत ठेवलं.

"टाइम तर कोणतं बी घड्याळ दावतंय," मामा म्हणाले. "हे लई हुशार हाय. पोरगा किती पळला ते आपल्या तोंडानं सांगतंय."

दिवसच तसे होते. घरोघरी रंगीत टीव्ही येत होते आणि बाहेरचा माल म्हटलं की आमच्या लोकांना हात जोडावेसे वाटायचे.

त्या घड्याळाला आधी एका ढांगेची लांबी सांगावी लागायची. अण्णांनी दुकानातला कापड मोजायचा लोखंडी गज आणला, दादा धुळीतून पळाला आणि दोन ठशांमधलं अंतर अण्णांनी वाकून मोजलं. गिऱ्हाइकाला बोटभर कापड जास्त जाऊ न देणारा माणूस, त्याने दोनदा मोजलं. तेव्हा दादा ठणठणीत होता, त्याची ढांग चांगली लांब पडायची. मामांनी बटणं दाबून तो आकडा घड्याळात भरला आणि पुढे कुणी त्याला हात लावला नाही.

दिवाळीनंतर दादाला ताप आला. तो बरेच दिवस रेंगाळला. अंग सावरायच्या आतच दादा पुन्हा पळायला लागला. सकाळी शाळेला जाताना मी सायकल घेऊन रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडापाशी त्याच्यासाठी दूध घेऊन थांबायची. आधी तो दगडापाशी पोचल्यावर पहिली एस.टी. मागून यायची. आता ती त्याला मागे टाकून एकटीच माझ्यासमोरून जायची आणि दादा नंतर यायचा, तुरुतुरु, आखूड पावलं टाकत.

घड्याळात मात्र वेग वाढत होता. पावलं आखूड झाली म्हणून ती जास्त पडत होती आणि घड्याळ प्रत्येक पावलाला अण्णांनी मोजलेली जुनी लांब ढांग धरत होतं. हे मला तेव्हा असं मांडता आलं नाही. दिसत मात्र होतं.

"अण्णा, दादा मागं पडायलाय," मी सांगितलं. "दगडाला पोचायच्या आधीच गाडी त्याच्या पुढं जायली."

"गाडी लवकर सुटत असंल."

"रोज?"

"अन् त्या दगडाचं काय घेऊन बसलीस?" मामा म्हणाले. "रस्ता रुंद करताना उपटले अन् दिसंल तिथं रवले. सरकारी दगड, सरकारी गाडी. त्याचं काय खरं हाय?"

दगड तसेच रोवले होते हे सगळ्या गावाने बघितलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. आमच्या घरी आरसा खरा आणि हात खोटा.

एकदा दादा दगडावर बसला तो उठेचना. ओठ निळसर पडले होते.

"छाती भरून येती गं."

"अण्णांना सांगू?"

"नगं. आधी ह्ये बघ." त्याने मनगट पुढे केलं. "इतका जोरात मी कवाच पळलो न्हाई."

मी लई भ्याले. घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, सगळे वेग वेग करायलेत, पोराला नजर लागली. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या तडतडल्या, आणि आईला बरं वाटलं.

भरतीच्या दिवशी मी हट्टाने भाड्याच्या जीपमध्ये बसले. बीडच्या मैदानावर दादा शेवटच्या फेरीत खाली बसला, बुटाची नाडी बांधायला बसावं तसा. अण्णा कुंपणापलीकडून "ऊठ, ऊठ" म्हणत राहिले. तो उठला नाही. तापाने हृदय आधीच पोखरलं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

परतताना जीपमध्ये त्याचं डोकं अण्णांच्या मांडीवर होतं आणि हात माझ्या हातात. रस्ता अजून उकरलेलाच होता. घड्याळ त्याच्या मनगटावर तसंच होतं आणि जीप खड्ड्यात आदळली की त्यातला आकडा पुढे सरकायचा. आधी मला भास वाटला. मग बघितलं तर अण्णाही तिकडेच बघत होते.

मामा पट्टा सोडायला वाकले. अण्णांनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पळायलाय त्यो."

आमचा दगड आला आणि मागे गेला. घरासमोर जीप थांबेपर्यंत तो आकडा वाढत होता.