उम्म कामिलखाली बावीस पेट्या

हिकमतनं मधमाश्यांच्या पेटीवर बोटानं टकटक केली आणि लाकडाला कान लावला. राणी जागेवर असली की आत एकदाच भुर्र होतं नि लगेच शांत होतं. राणी मेली असली की रडका आवाज निघतो, तो थांबतच नाही. पंधरा वर्षांत त्याचं हे निदान कधी चुकलं नव्हतं. आता मात्र बावीसच्या बावीस पेट्या रडत होत्या, कारण डोक्यावर उम्म कामिल घोंघावत घिरट्या घालत होती.

उम्म कामिल म्हणजे इस्रायलचं बिनमाणसाचं विमान. कामिलची आई. हा कामिल कोण, ते सरहद्दीलगतच्या कफ्र सनोबर गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्याची आई ऑक्टोबरपासून मुक्कामाला होती आणि एप्रिल उजाडला तरी उठायचं नाव घेत नव्हती.

"बाई, पाच मिनिटं गप्प बस!" हिकमत आभाळाकडे बघून ओरडला. "मला ऐकू दे, मग घाल काय घालायचा तो धिंगाणा!"

हिकमतनं तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. सहलीला गेलेलं एकही पोर त्यानं कधी मागे सोडलं नाही; दोनदा मोजायचा, मग गिअर टाकायचा. निवृत्त झाल्यावर पोरांच्या जागी माश्या आल्या, एवढंच. दर एप्रिलला तो पेट्या पिकअपमध्ये घालून सैद्या शहराजवळच्या संत्र्यांच्या बागांत न्यायचा. यंदा गावचा डोंगरउतार हिवाळ्यातच बॉम्बनी जळून गेला होता. फुलं नव्हती, पेट्यांतला मध संपत आला होता. आठवडाभरात बहर मिळाला नाही, तर माश्या उपाशी मरणार होत्या.

मग न्यायच्या की! पण कशा? माश्या हलवायच्या त्या सूर्य मावळल्यावर. सगळ्या घरी परतल्या की दारं बंद करायची, वर ताडपत्री टाकायची. आणि अंधारात ताडपत्रीखाली लांबट पेट्यांच्या दोन रांगा घेऊन जाणारी गाडी वरून कशासारखी दिसते, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पलीकडच्या ओढ्यातून कुणीतरी रॉकेट सोडायचं आणि पसार व्हायचं. विमानं यायची ती मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर. वरून बघणारा काही खाली उतरून "यात काय आहे, काका?" असं विचारत नाही.

सल्ला द्यायला अबू रियाद होताच. हा जकातीतला निवृत्त कारकून; चहाच्या दुकानात बसून रोज युद्ध लढायचा. साखरेचं भांडं म्हणजे इस्रायलचं हैफा शहर, चमचा म्हणजे सरहद्द.

"विमानांनी जमीन जिंकता येत नाही, अबू शादी," तो चमचा सरकवत हिकमतला म्हणाला; गाव त्याला मुलाच्या नावानं, शादीचा बाप म्हणूनच हाक मारायचं. "लिहून ठेव."

"जमीन कुणाला जिंकायचीय? मला ती नुसती ओलांडायचीय!"

"तीन दिवस थांब. तीन दिवसांत तह होतोय."

"हे तू नोव्हेंबरपासून सांगतोयस."

"तेव्हा परिस्थिती वेगळी होती."

हिकमतनं हैफातली तीन चमचे साखर आपल्या चहात ओतली आणि तणतणत घरी आला. बायकोनं, नजातनं, सामान बांधून ठेवलं होतं. तिची बहीण सैद्याला राहायची.

"दिवसा ने," ती म्हणाली. "उघड्या ने. ताडपत्री नको. बघू दे त्यांना."

"दिवसा निम्म्या माश्या बाहेर असतात! परत येतील तेव्हा घरच नसेल त्यांना!"

"मग सगळ्यांना इथंच मार. तीस वर्षं पोरं मोजलीस, आता माश्या मोजत बस."

तो रात्रभर कुशी बदलत राहिला. सकाळी उठून त्यानं एकवीस पेट्या गाडीत चढवल्या आणि सगळ्यांत अशक्त असलेली बाविसावी जागच्या जागी ठेवली. बाहेर गेलेल्या माश्या परतल्या की जवळ दिसेल त्या घरात शिरतील. पाहुणी थेंबभर का होईना, मध घेऊन आली तर दारावरच्या माश्या तिला अडवत नाहीत. बाकीच्या पेट्यांत उरलेल्या मधाच्या दोन चौकटी तिच्यात सरकवल्या, शेजारी पाण्याची परात ठेवली आणि कोठीची चावी अबू रियादच्या हातात कोंबली.

"मला? मला माश्यांची भीती वाटते!"

"विमानांची नाही वाटत, माश्यांची वाटते? परातीत रोज पाणी घाल."

मग पांढराशुभ्र झगा नि तोंडावर जाळी चढवून हिकमत भर दहा वाजता निघाला. दर वळणावर गाडी थांबवायचा, खाली उतरायचा, पेटीतली पोळ्याची चौकट आभाळाकडे धरून उलटसुलट दाखवायचा. "बघ! बघ नीट! मेण आहे, मेण!"

"पुरे झालं," नजात आतून म्हणाली. "तिला मध विकायचाय का?"

चौकीवर आपल्याच लष्कराच्या जवानानं दरडावलं, "काय आहे मागे?" तेवढ्यात तीन माश्या त्याच्या टोपीवर बसल्या. "जा! जा लवकर!" म्हणत तोच पळाला.

संत्र्यांच्या बागेत पेट्या उतरवून हिकमतनं एकेक टकटक केली. उम्म कामिलचा आवाज इथंही पुरता थांबला नव्हता, पण लांब होता. भुर्र, शांत. भुर्र, शांत. एकवीस. त्यानं दुसऱ्यांदा मोजल्या आणि बोट बाविसावीसाठी हवेतच राहिलं.

संध्याकाळी अबू रियादचा फोन. "अरे, पेटीला दाढी फुटलीय! आत मावत नाहीत, बाहेर लोंबतायत! त्या सगळ्या एका घरात कशा राहणार?"

हिकमतनं मेहुणीच्या घरात नजर फिरवली. दोन खोल्या, अकरा माणसं. नजात गादी टाकायला जागा शोधत होती.

"राहतील," तो म्हणाला. "पेटीवर रिकाम्या खोक्याचा एक मजला चढव. कोठीत ठेवलाय. आणि परातीत खडे टाक, नाहीतर बुडतात."

"मी? मजला? किती दिवस बघायचं रे मी हे?"

हिकमतनं नजातच्या हातातली गादी भिंतीकडे ओढली.

"तीन दिवस," तो म्हणाला आणि स्वतःवरच चिडून फोन ठेवला.