डावीकडची जागा

वारंगा फाट्यावर माझं मेडिकल होतं, तेव्हा लग्नाच्या बँडमधले ट्रम्पेटवाले मास्तर नेहमी यायचे. कानात कुणीतरी बोलतं म्हणून नांदेडच्या डॉक्टरनं त्यांना गोळ्या दिल्या होत्या. काउंटरशीच ते ट्रम्पेटचं तोंडाकडचं पितळी टोक खिशातून काढायचे, शर्टाला पुसून फुंकायचे. नुसती हवा निघायची.

"गोळीनं तोंड वाळून जातं, भाऊ. ओठ लाकडावानी होतात. अन् तो बी येत न्हाई."

"कोण?"

"डाव्या कानाशी राहतो तो. पुढची चाल तोच सांगतो."

शेजारच्या भाडेकरूबद्दल बोलावं, तसं बोलायचे.

लग्नसराई आली की गोळ्या बंद. मी रागवायचो. "बराबर हाय तुमचं," म्हणत ते नुसत्या खोकल्याच्या गोळ्या घेऊन जायचे.

एकदा भर दुपारी नवरदेवाच्या मिरवणुकीत त्यांना वाजवताना पाहिलं. एक ओळ वाजवायची, मान डावीकडं कलती करून ऐकायचं, मग पुढची ओळ. इतकं गोड मी कधी ऐकलं नव्हतं. गल्ली अरुंद, बँडवाले एकमेकांना घासत चाललेले. तरी मास्तरांच्या डावीकडं एका माणसाची जागा मोकळी होती.

मला पलीकडं जायचं होतं. मी त्या जागेतून निघालो, तर ढोलवाल्यानं हात आडवा केला.

"तिथून नका जाऊ, भाऊ."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी मी गटाराच्या कडेनं, भिंतीला अंग घासत गेलो.

पलीकडं पोचलो, तेव्हा मास्तर थांबले. मान डावीकडं कलती करून त्यांनी ऐकलं, आणि माझ्याकडं बघून हसले.