ठिबकच्या नळीनं खाल्लेलं औषध

“म्याडम, एक बी मासा मेला न्हाई! द्या रिपोर्ट!”

हे आमचे क्लायंट, अकोले तालुक्यातले. भातावर फवारायचं नवं कीटकनाशक त्यांनी तयार केलं होतं. भाताचं पाणी ओढ्यात जातं, म्हणून आमच्या नगरच्या एमआयडीसीतल्या लॅबमध्ये माशांवर चाचणी चालू होती. लॅब हेड, म्हणजे आमचे सर, तेही खुशीत. मी मात्र टाकीतल्या पाण्याचा आकडा बघून पेटले होते. हवं त्याच्या निम्मंसुद्धा औषध पाण्यात नव्हतं. मासे मरतील कशाला?

अशा चाचणीत औषधाचं प्रमाण शेवटपर्यंत एकसारखं राहावं लागतं. त्यासाठी फ्लो-थ्रू लावतात. एकीकडून औषधाचं ताजं पाणी येत राहतं, दुसरीकडून जुनं जात राहतं.

“उन्हानं विरत असेल,” सर म्हणाले.

“लॅबमध्ये ऊन कुठंय, सर?”

पंप तपासला. चोख. मिक्सिंगच्या बाटलीतलं पाणी तपासलं. औषध पुरेपूर. म्हणजे चोरी बाटली आणि टाकीच्या मधे. मधे फक्त एक काळी नळी.

“ही कुठून आणलीत, सर?”

“तिसगावच्या आमच्या डाळिंबाला ठिबक केलं, त्यातली उरलेली. नवीकोरी आहे!”

मला हसूच फुटलं. आपल्या जिल्ह्यात पाणी न्यायचं म्हटलं की हात आधी ठिबकच्या नळीवर जातो. पाण्याला ती उत्तमच. पण हे औषध तेलकट. त्याला पाण्यापेक्षा प्लास्टिक प्यारं.

नळीचा तुकडा कापला, औषध बाहेर ओढणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये भिजवला, ते सॉल्व्हंट औषध मोजायच्या मशिनवर लावलं. ग्राफची रेघ सरळ वर! “सापडलं!” मी एवढ्यानं ओरडले की सर धावत आले.

क्लायंटचा चेहरा पडला. “म्हंजी पुन्हा पयल्यापासून? मासे जगल्यात, तसंच लिवा की.”

“काका, तुमच्या ओढ्यात औषध शोषायला नळी नसते. तिथं माशांना पूर्ण डोस मिळेल.”

ते म्हणाले, “माजंच शेत वढ्याला लागून हाय. नातवंडं तिथंच मासे धरत्यात. करा पुन्हा.”

काचेच्या नळ्या बसवल्या. आधी नुसतंच औषधाचं पाणी चालवलं, आकडा स्थिर झाल्यावर मगच मासे सोडले. प्रत्येक सॅम्पलला आकडा जागच्या जागी! मी नाचायचीच बाकी होते. कमी-जास्त औषधाच्या टाक्यांपैकी सगळ्यात जास्त औषधाच्या टाकीतले मासे मात्र मरून उलटे झाले.

औषध बाजारात आलं ते लेबलवर ठळक सूचना घेऊन: फवारणीनंतर शेतातलं पाणी ओढ्यात सोडू नये. ती सूचना काकांनी स्वतःच मोठ्या अक्षरात छापून घेतली.

मासा जगला म्हणून औषध सौम्य ठरत नाही. ते माशापर्यंत पोचलं का, हे आधी मोजावं.