आप्पांच्या हातातला माईक

बेळगावच्या स्टँडवर पुण्याची बस लागली तेव्हा आप्पांनी माझी बॅग स्वतः आत नेऊन ठेवली आणि खाली येऊन खिडकीशी उभे राहिले. "आता आपल्या माणसांत चाललीस, पोरी. तितं समद्या पाट्यासुद्धा मराठीत असत्यात," ते म्हणाले. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत जन्म घालवलेल्या आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या गावी, बेळगुंदीत, रताळ्याचं रान बघणाऱ्या माझ्या वडिलांना महाराष्ट्र म्हणजे आपलंच घर वाटायचं. मलाही वाटायचं.

हॉस्टेलवर पहिल्याच संध्याकाळी रूममेट ऋतुजानं विचारलं, "कर्नाटक? मग तुला मराठी कसं काय येतं?" गावात आम्ही मराठी म्हणून ताठ मानेनं वाढलो आणि इथं मिनिटभरात मी कानडी झाले. बेळगावकरांनो, तुमच्यातले जे बाहेर पडलेत, त्यांनी हा प्रश्न ऐकला असेलच. जे मागं राहिलेत, त्यांना तो सांगायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या वर्षी हॉस्टेलमध्ये गेम स्टॉलची स्पर्धा जाहीर झाली. प्रत्येक मजल्यानं स्वतः रचलेला खेळ मांडायचा, विकतचं काही चालणार नाही. आमच्या मजल्यानं चक्क माझी कल्पना घेतली. मडक्यांवर कापड बांधायचं, आत हात घालायचा आणि न बघता काय आहे ते ओळखायचं. नाचणा, मसूर, सालासकट भात, रताळं. पुठ्ठ्यांना गेरू फासून आम्ही मागची भिंत केली. त्या आठवड्यात मुली मला विचारून विचारून कामं करत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, मी हवेत होते.

फोनवर हे सांगितलं तर आप्पा म्हणाले, "पुण्यातली रताळी कशाला? आपली घेऊन येतो की." पालकांना स्पर्धेच्या दिवशी आत यायची परवानगी होती. सकाळी आप्पा खांद्यावर पोतं घेऊन गेटवर हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यावर पोत्याची लाल माती.

दुपारी गर्दी झाली तशी ऋतुजानं माईक आप्पांच्या हातात दिला. "काका, तुम्हीच घ्या ना खेळ."

आप्पा खुलले. एक मुलगी मडक्यात हात घालायला बिचकत होती. "घाल की गं हात, भ्या नगंस! चावत न्हाय ते," ते म्हणाले. हशा पिकला. आप्पांना वाटलं, खेळ रंगलाय. ते आणखी मोठ्यानं बोलायला लागले.

"काका, परत म्हणा ना ते, भ्या नगंस!" ऋतुजा म्हणाली. ते परत म्हणाले. मग पुढं उभ्या असलेल्या मुलीच त्यांच्याआधी ओरडायला लागल्या, त्यांच्यासारखाच हेल काढून. सगळ्यांचे मोबाइल वर आले होते. मडक्यापाशी आता कुणीच येत नव्हतं. खेळ आप्पांचा झाला होता, आणि ते त्यांना कळत नव्हतं.

मी पुढं होऊन माईक घेतला. "बस झालं, आप्पा!" आवाज चढला होता. चीड त्या मुलींची होती, पण तोंड आप्पांकडे होतं. त्यांनी गर्दीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "व्हय व्हय, घे," एवढंच म्हणाले आणि मागं जाऊन रिकाम्या पोत्याची घडी घालत बसले. निकाल लागायच्या आत ते परतीच्या गाडीला निघून गेले.

पहिला नंबर आमचा आला. 'सगळ्यांत धमाल स्टॉल,' असं परीक्षक बाई म्हणाल्या. "तुम्ही माझ्या वडिलांना हसत होतात," मी ऋतुजाला म्हटलं. "अगं, किती क्यूट होते ते! तू ना फारच सेन्सिटिव्ह आहेस." पुढं कितीतरी दिवस मेसच्या रांगेत मला बघून कुणीतरी 'भ्या नगंस' म्हणायचं.

आता मी पुण्यातच नोकरी करते, फ्लॅट आहे, पाहुण्यांसाठी वेगळी खोली आहे. आप्पा एकदाही आले नाहीत. आईला खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पोरीला माझी लाज वाटली म्हणत्यात." मी आप्पांना कितीदा समजावलं, माईक का घेतला ते सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकतात, "बरं" म्हणतात. विश्वास मात्र बसलेला नाही. ज्यांनी हसून घेतलं त्यांच्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. ऋतुजा चांगली पोरगी होती, म्हणतात.

आपल्याकडे बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पुण्यात पहिल्या महिन्यातच मी ते सोडलं होतं. गेल्या दिवाळीत बेळगुंदीला पोचले तेव्हा आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. "प्रवास व्यवस्थित झाला का?" त्यांनी विचारलं. एकेक शब्द जपून, साहेबाशी बोलावं तसं. घर म्हणजे आता हेच, माझ्यासमोर स्वतःची भाषा गिळून बसलेली माणसं. मला राहवलं नाही. त्यांच्या पायाशी बसत मी म्हटलं, "आप्पा, लई दमलो बघा."

आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"दमले म्हणावं, बाळ," ते म्हणाले.