सोडून काहून राहिले?

काकांनी रव्याचा लाडू कधी सरळ खाल्ला नाही. आधी तो दोन बोटं वर, अंगठा खाली असा धरायचा, मनगट वळवून दाखवायचं आणि सांगायचं, "हा स्लायडर. बॅटरला वाटते सरळ येऊन राहिला, अन् ऐन वक्ताले कलटी." मग स्लायडर तोंडात जायचा.

"काका, दॅट्स अ कर्व्हबॉल," माझी मुलगी दर वेळी सांगायची. ती शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळते.

"पोटात गेल्यावर सारखेच," असं म्हणून काका दुसरा उचलायचे.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही काही घरं दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या बेसमेंटमध्ये बुद्धवंदनेला जमतो. तृष्णा हे दुःखाचं मूळ आहे, यावर आमचं एकमत होतं. मग जेवणं वाढली जातात, आणि जुलै असेल तर आम्ही लगेच एखाद्या डावखुऱ्या पिचरची तृष्णा धरतो. ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: पिचर हा आपल्या बोलरचा मावसभाऊ, आणि स्लायडर, कर्व्हबॉल ही त्याच्या फसव्या, वळणाऱ्या चेंडूंची नावं. जुलैअखेर एक मुदत असते, तोवर संघांना आपापसात खेळाडूंची अदलाबदल करता येते. नंतर दार बंद. आमच्या संघात चांगल्या पिचरची वानवा कायमचीच, त्यामुळे जुलैभर अफवांचं अमाप पीक.

अफवा आणायचं काम वानखेडेचं. फोन नाचवतच जिना उतरायचा. "काका, पक्की न्यूज आहे यार! ईस्ट कोस्टचा टॉपचा पिचर, आपल्याकडे ट्रेड होतोय!"

काका डोळे बारीक करायचे. "एवढा चांगला आहे, तर सोडून काहून राहिले?"

वानखेडे तिथेच आऊट. फोनमध्ये सगळं असतं, पण या प्रश्नाचं उत्तर नसतं.

खरं तर हा प्रश्न बेसबॉलचा नव्हताच. काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले, पण त्यांचा खरा उद्योग लग्नं जुळवण्याचा, तोही फुकटातला. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंतची स्थळं त्यांना तोंडपाठ होती. आमच्यात पत्रिका बघत नाहीत. काकांनी तिची गादी रक्ततपासणीला देऊन टाकली होती. "पत्रिका राहू द्या, मेडिकल दाखवा," असं ते मुलाच्या बापाला तोंडावर सुनवायचे. माझंही लग्न त्यांनीच जुळवलं. सासऱ्यांना माझं नाव कळायच्या आधी माझं कोलेस्टेरॉल कळलं होतं.

पिचरनाही तोच न्याय. कोपराचं ऑपरेशन झालेला असला की, "लपवून राहिले, विचारा नीट." सारखे संघ बदलणारा असला की, "हा नांदणारा नाही." कुणी खेळाडूच्या पगाराबद्दल बोललं, तर काका म्हणायचे की पगार बघून पोरगी देणारे शेवटी माझ्याकडेच रडत येतात.

काकू गेल्यापासून ते एकटेच राहत होते. मुलगा तिकडे कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला. तो बोलावतोय, असं कुठून तरी कानावर यायचं. आम्ही विचारलं की काका म्हणायचे, "अफवा आहे." आणि भाताला हात घालायचे.

गेल्या जुलैत एका रविवारी स्लायडर दाखवताना त्यांच्या हातातला लाडू फुटला आणि कार्पेटभर झाला. "वाइल्ड पिच! बॉल भलतीकडेच!" वानखेडे ओरडला. सगळे पोट धरून हसले, काकाही. पुढच्या खेपेला त्यांनी लाडू डाव्या हातात धरला. उजवा हात खिशात. "लेफ्टी झालो. लेफ्टीले भाव जास्त राहते." पुन्हा हशा.

परत जाताना गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, ही इज हायडिंग हिज आर्म."

त्यानंतरच्या रविवारी वानखेडेने एका उतारवयातल्या पिचरची बातमी आणली. खांदा दुखावलेला, वर्षभर धड खेळलेला नाही. आम्ही सगळ्यांनी एका सुरात काकांचाच प्रश्न फेकला आणि दाद मिळेल म्हणून त्यांच्याकडे पाहिलं.

काका हसले नाहीत. "घ्या त्याले," ते म्हणाले. "खांदा दुखला म्हणून माणूस संपते काय? डोकं शाबूत आहे त्याचं."

आयुष्यात पहिल्यांदा काकांनी मेडिकल खराब असलेलं स्थळ सुचवलं होतं.

त्याच आठवड्यात त्याचा मला फोन आला. काकांच्या अंगणात घर विक्रीची पाटी लागली होती. वानखेडेने आणलेल्या बातम्यांतली ही एकच पक्की निघाली, आणि ती कुणालाच नको होती.

मुदतीच्या आधीच्या रविवारी निरोपाचं जेवण झालं. एकमेकांना न विचारता प्रत्येक घराने लाडूच करून आणले होते. मला भाषण करायला सांगितलं. भाषण मला जमत नाही, रडू तर त्याहून जमत नाही. मी नेहमीच्या थट्टेवर गेलो. "काका, एवढे चांगले आहात, तर आम्ही सोडून काहून राहिलो?"

काकांनी उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. शेजारची आमटीची वाटी वाजायला लागली. वाइल्ड पिच असं कुणी म्हणालं नाही.

"पार्किन्सन," काका म्हणाले. "पोराने मेडिकल वाचलं. पूर्ण वाचलं. अन् तरी म्हणते, या." त्यांनी डाव्या हाताने वाटी बाजूला सरकवली. "स्थळ चांगलं आहे, बाप्पा. जाऊ द्या मले."

वानखेडे पाणी आणायच्या निमित्ताने वर गेला तो बराच वेळ खाली आला नाही.

तो खांदेदुख्या पिचर आमच्या संघाने घेतलाच नाही. काका इथे असते तर त्यांनी संघाच्या मालकाचा उद्धार केला असता. रविवार चालू आहेत, अफवाही येतात, पण त्यांना अडवणारं कुणी नाही, म्हणून त्यांत मजा नाही. काकांची फार आठवण येते.

माझी मुलगी आता लाडू सरळ खात नाही. दोन बोटं वर, अंगठा खाली, काकांसारखा धरते, म्हणजे साफ चुकीचा. मनगट वळवते आणि सगळ्यांना मराठीतून सांगते, "हा स्लायडर."